लसिकागळतीचे निदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्रक्रियेनंतर छातीतील नळीतून येणारे पाणी थांबत नाही, पोटात पुन्हा पुन्हा पाणी भरते, किंवा लघवी दुधासारखी होते, अशा तक्रारींमागे लसिकेची गळती असू शकते. रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि या विषयाशी नव्याने संबंध आलेले परिचारक व डॉक्टर यांच्याकडून ज्या शंका नेहमी येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उपचारांचा उल्लेख निदानासाठी आवश्यक आहे तेवढाच केला आहे.

लसिका म्हणजे काय आणि ती गळते म्हणजे नेमके काय होते?

रक्तातील द्रवाचा काही भाग केशवाहिन्यांच्या भिंतींतून सतत बाहेर झिरपत असतो. पेशींभोवती साचणारा हा द्रव लसिकावाहिन्या गोळा करतात, लसिकाग्रंथींमधून गाळून घेतात आणि अखेर रक्तात परत सोडतात. आतड्यांकडून येणाऱ्या लसिकेत आहारातील चरबीचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात, त्यामुळे जेवणानंतर ती दुधासारखी पांढरी दिसते. अशा लसिकेला काइल म्हणतात. दोन्ही पाय, पोट आणि शरीराचा डावा वरचा भाग यांची लसिका थोरॅसिक डक्ट या मुख्य वाहिनीतून छातीत वर चढते आणि मानेच्या मुळाशी, डावीकडच्या मोठ्या शिरांच्या संगमावर रक्तात मिसळते. प्रौढ व्यक्तीत या वाहिनीतून दिवसाला साधारण दीड ते अडीच लिटर द्रव वाहतो, आणि तिची रुंदी मात्र काही मिलिमीटरच असते. ही वाहिनी किंवा तिची एखादी शाखा फुटली, कापली गेली किंवा पुढे अडथळा आल्यामुळे तुंबून पाझरू लागली, की लसिका छातीत, पोटात, हृदयाभोवतीच्या आवरणात, जखमेत, आतड्याच्या पोकळीत किंवा मूत्रमार्गात उतरते.

डॉक्टरांना गळतीची शंका केव्हा येते?

बहुतेक वेळा शंका परिस्थितीवरूनच येते. अन्ननलिकेची, हृदयाची, मानेची किंवा पोटाच्या मागील भागातील ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया झालेली असते, पहिले दोन-तीन दिवस नळीतून थोडे, फिकट पिवळसर पाणी येत असते, आणि रुग्णाने खायला सुरुवात करताच ते एकाएकी वाढते व गढूळ होते. हे चित्र इतके ठरावीक आहे, की अनुभवी परिचारिका प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच ते ओळखतात. शस्त्रक्रिया झालेली नसताना छातीत किंवा पोटात वारंवार पाणी होत असेल आणि नेहमीची कारणे जुळत नसतील, तर मात्र ही शंका मुद्दाम मनात आणावी लागते, आणि तेथेच ती निसटते.

बाहेर येणारे पाणी पांढरे नाही. मग लसिकेची गळती नाही, असे समजावे का?

नाही. या विषयातील सर्वांत जास्त चुका याच समजुतीतून होतात. छातीत काइल साचलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांमध्येच द्रव खरोखर दुधाळ दिसतो. उरलेल्यांमध्ये तो पिवळसर, लालसर किंवा जवळजवळ पाण्यासारखा असतो. लसिकेला पांढरा रंग येतो तो केवळ आहारातील चरबीमुळे. रुग्ण उपाशी असेल, शिरेवाटे फक्त ग्लुकोजचे द्रावण घेत असेल किंवा त्याला चरबीविरहित आहार सुरू केलेला असेल, तर तीच वाहिनी तितकीच गळत असूनही द्रव स्वच्छ दिसतो. शिवाय पाय किंवा ओटीपोट यांच्याकडून येणाऱ्या लसिकेत आतड्यातील चरबी मुळातच नसते. तेथील गळती रुग्ण कितीही जेवला तरी पांढरी होत नाही.

ही गोष्ट लसिकावाहिन्यांच्या शोधाइतकीच जुनी आहे. १६२२ मध्ये गास्पारे अझेल्ली या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाला एका कुत्र्याच्या आतड्यांच्या पडद्यात पांढऱ्या दोऱ्यांसारख्या वाहिन्या दिसल्या. ते मज्जातंतू असावेत असे त्याला आधी वाटले, पण एक दोरा कापताच त्यातून पांढरा द्रव आला. नंतर त्याने दुसरा कुत्रा तपासला, तेव्हा त्याला काहीच दिसले नाही. फरक एवढाच होता, की पहिला कुत्रा नुकताच खाऊन झालेला होता आणि दुसरा उपाशी होता. रुग्णाने शेवटचे काय आणि केव्हा खाल्ले, हा प्रश्न नमुना घेताना विचारला जात नसेल, तर अहवालाचा अर्थ लावणे अवघड होऊन बसते.

प्रयोगशाळेत कोणत्या तपासण्या करतात आणि कोणते आकडे महत्त्वाचे असतात?

मुख्य तपासणी द्रवातील ट्रायग्लिसराइड या चरबीच्या प्रकाराची. छातीतील पाण्यात ते प्रति डेसिलिटर ११० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर ते काइल असण्याची शक्यता फार मोठी असते. ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर शक्यता बरीच कमी होते, मात्र रुग्ण उपाशी नव्हता एवढी खात्री हवी. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात लायपोप्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करतात. तिच्यात कायलोमायक्रॉन, म्हणजे आतड्यात तयार होणारे चरबीचे ते विशिष्ट कण, सापडले की निदान पक्के होते, कारण हे कण छातीतील द्रवात येण्यास लसिकेच्या गळतीखेरीज सहसा दुसरे कारण नसते. ही तपासणी सर्वत्र होत नाही. ती उपलब्ध नसेल, तर रुग्णाला चरबीयुक्त अन्न देऊन काही तासांनी नमुना पुन्हा तपासणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

त्याच वेळी रक्तातील ट्रायग्लिसराइडही मोजावे. ज्या रुग्णाच्या रक्तातच ते खूप वाढलेले आहे, त्याच्या छातीतील साध्या पाण्यातही ते जास्त दिसू शकते. द्रवातील ट्रायग्लिसराइड रक्तापेक्षा जास्त आणि कोलेस्टेरॉल मात्र रक्तापेक्षा कमी, अशी जोडी काइलकडे बोट दाखवते.

पेशींची मोजणीही बोलकी असते. लसिकेतील पांढऱ्या पेशी प्रामुख्याने लिम्फोसाइट असतात. काइलमध्ये त्यांचे प्रमाण बहुधा ७० ते ८० टक्क्यांच्या वर जाते. रुग्ण उपाशी असल्यामुळे ट्रायग्लिसराइड फसवे आले असेल, तेव्हा हीच खूण उपयोगी पडते. मात्र क्षयरोग आणि लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) यांतही छातीतील पाण्यात लिम्फोसाइट वाढतात, म्हणून एकट्या या आकड्यावर निदान टाकता येत नाही. काइलमध्ये प्रथिने बऱ्यापैकी असतात, पण एलडीएच (पेशींना इजा झाल्यावर वाढणारे एक विकर) तुलनेने कमी असते. प्रथिने जास्त आणि एलडीएच कमी अशी विसंगती अहवालात दिसली, तर ट्रायग्लिसराइड मागवण्यास ते पुरेसे कारण आहे.

पांढरे दिसणारे प्रत्येक पाणी लसिकाच असते का?

तसे नसते, आणि येथे गल्लत झाली तर उपचारांची दिशाच चुकते. पू झालेले पाणीही दुधाळ दिसते. नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवला की पुवातील पेशी तळाशी बसतात आणि वरचा द्रव स्वच्छ होतो. काइल मात्र वरपर्यंत पांढरेच राहते. ही तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांची आहे, आणि ती वगळली जाते हे आश्चर्यच म्हणायचे.

छातीत काइल साचण्याला कायलोथोरॅक्स म्हणतात; दुसरा बहुरूपी म्हणजे खोटा कायलोथोरॅक्स. क्षयरोग किंवा संधिवातामुळे छातीत वर्षानुवर्षे साचून राहिलेल्या पाण्यात पेशींच्या विघटनातून कोलेस्टेरॉल जमा होते आणि पाणी पांढरट, चकाकणारे होते. तेथे कोलेस्टेरॉल सहसा २०० मिलिग्रॅमच्या वर असते, सूक्ष्मदर्शकाखाली कोलेस्टेरॉलचे चौकोनी स्फटिक दिसतात आणि कायलोमायक्रॉन सापडत नाहीत.

तिसरी शक्यता अतिदक्षता विभागातील आहे. शिरेतील नळीचे टोक सरकून छातीच्या पोकळीत गेले असेल आणि त्याच नळीतून चरबीयुक्त पोषणद्रव्य चालू असेल, तर छातीत हुबेहूब काइलसारखा द्रव साचतो आणि ट्रायग्लिसराइडही भरपूर येते. अशा द्रवातील ग्लुकोज रक्तातील ग्लुकोजच्या कितीतरी पट असल्यास रहस्य उलगडते. पोटाचे डायलिसिस करणाऱ्या रुग्णांत लर्कॅनिडिपिनसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही बाहेर येणारा द्रव पांढरट होतो, आणि गोळी बदलल्यावर तो पूर्ववत होतो.

चरबीयुक्त आहार देऊन चाचणी कशी करतात?

रुग्ण तोंडाने किंवा पोटातील नळीने अन्न घेऊ शकत असेल, तर त्याला साय, लोणी किंवा तेल यांसारखा चरबीचा भरपूर अंश असलेला आहार देतात आणि पुढील काही तासांत नळीतून येणाऱ्या द्रवाचा रंग, प्रमाण आणि ट्रायग्लिसराइड यांत होणारा बदल पाहतात. यासाठी लांब साखळीची चरबी लागते. मध्यम साखळीची चरबी लसिकामार्ग टाळून थेट यकृताकडच्या रक्तप्रवाहात शिरते. उपचारात तिचा उपयोग होतो तो याच गुणामुळे, पण निदानासाठी ती कुचकामी आहे. म्हणून शंका येताच घाईने चरबीविरहित आहार किंवा ऑक्ट्रिओटाइड हे गळती कमी करणारे औषध सुरू करण्याआधी एक नमुना प्रयोगशाळेत गेलेला असावा. उपचार आधी आणि तपासणी नंतर, असा क्रम झाला तर प्रयोगशाळा ‘लसिका नाही’ असे कळवते आणि गळती चालूच राहते.

पाणी उजव्या छातीत आहे की डाव्या, यावरून काही कळते का?

बरेच कळते. थोरॅसिक डक्ट पोटातून छातीत शिरते तेव्हा ती पाठीच्या कण्याच्या उजव्या बाजूने चढते आणि साधारण पाचव्या वक्षीय मणक्याच्या आसपास डावीकडे वळते. त्यामुळे खालच्या भागातील इजेमुळे बहुधा उजव्या छातीत आणि वरच्या भागातील इजेमुळे डाव्या छातीत पाणी होते. तरीही वाहिनीची रचना माणसागणिक बदलते. काहींना दोन समांतर वाहिन्या असतात, काहींत ती जाळ्यासारखी विभागलेली असते. शस्त्रक्रियेच्या आधी केवळ बाजूवर विसंबून जागा गृहीत धरू नये.

पोटातील लसिकागळती कशी ओळखतात?

पोटातील पाणी सुईने काढून त्यात ट्रायग्लिसराइड मोजतात. येथे अनेक डॉक्टर २०० मिलिग्रॅमची मर्यादा मानतात, काही ठिकाणी ११० मिलिग्रॅमचीच धरली जाते; अहवालासोबत कोणती मर्यादा वापरली आहे ते विचारून घ्यावे. यकृत सिरोसिसने खराब झालेले असेल तर शिरांतील वाढलेल्या दाबामुळे लसिकेचे उत्पादनच कितीतरी वाढते आणि बारीक वाहिन्या पाझरू लागतात, म्हणून जलोदराचे पाणी दुधाळ आले तरी कोठेतरी वाहिनी फुटली आहे, असा निष्कर्ष लगेच काढू नये. पाणी आणि रक्त यांतील अल्ब्युमिन या प्रथिनाचा फरक प्रति डेसिलिटर १.१ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर यकृताकडे किंवा हृदयाकडे पाहावे लागते. फरक कमी असेल तर कर्करोग, क्षयरोग आणि पूर्वीची शस्त्रक्रिया यांचा शोध घेतात.

ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेनंतर द्रवाची गाठ झाली आहे. ती लसिकेची आहे की लघवीची?

मूत्रपिंड प्रत्यारोपण किंवा ओटीपोटातील ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हा प्रश्न नेहमी येतो. सोनोग्राफीत दोन्ही सारख्याच दिसतात. सुईने थोडा द्रव काढून त्यातील क्रिएटिनिन रक्तातील क्रिएटिनिनशी ताडून पाहतात : लसिकेत ते रक्ताइतकेच असते, लघवीत अनेक पट जास्त. येथे ट्रायग्लिसराइडची वाट पाहू नये, कारण पायांकडून येणारी लसिका पांढरी नसतेच.

गळतीची नेमकी जागा कशी शोधतात?

द्रव लसिका आहे हे ठरल्यावरच हा प्रश्न येतो, आणि प्रत्येक रुग्णात जागा शोधावी लागत नाही. गळती थोडी असेल आणि आहारातील बदलाने कमी होत असेल, तर कित्येकदा पुढील तपासण्या केल्या जात नाहीत. गळती दिवसाला एक लिटरच्या आसपास असेल किंवा उपचारांनंतरही चालू राहिली, तर मात्र नकाशा हवा.

साधा सीटी स्कॅन गाठी, वाढलेल्या ग्रंथी आणि शिरेतील गुठळी दाखवतो, पण गळती स्वतः क्वचितच दाखवतो. लिम्फोसिंटिग्राफीमध्ये टेक्नेशियम ९९ एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेले सूक्ष्म कण पायाच्या बोटांमध्ये त्वचेखाली टोचतात आणि ते कोठे जमा होतात हे गामा कॅमेऱ्याने पाहतात. तपासणी सोपी आणि सुरक्षित आहे, पण चित्र धूसर असते. सोबत सीटी जोडले की जागा अधिक नेमकी कळते.

सर्वांत स्पष्ट चित्र लिम्फँजिओग्राफी, म्हणजे लसिकावाहिन्यांत क्ष-किरणांखाली दिसणारे द्रव्य सोडून केलेली तपासणी, देते. १९५० च्या दशकात ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन किनमंथ यांनी रूढ केलेल्या पद्धतीत पावलावरील केसासारखी बारीक वाहिनी उघडून तिच्यात हे द्रव्य सोडावे लागे. ते काम इतके किचकट होते, की सीटी आल्यावर ही तपासणी जवळजवळ विस्मृतीत गेली. आता जांघेतील लसिकाग्रंथीत सोनोग्राफीच्या साहाय्याने थेट सुई घालून लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल अगदी सावकाश सोडतात आणि ते वर चढताना क्ष-किरणांखाली पाहतात. या सोप्या वाटेमुळे तपासणीला नवे आयुष्य मिळाले. तेल जेथे वाहिनीबाहेर पडते तेथे गळती. शिवाय हे तेल चिकट आणि दाहकारक असल्यामुळे लहान गळती काही रुग्णांत तपासणीनेच बंद होते. गळती दिसल्यास त्याच बैठकीत पोटातून सुई घालून मुख्य वाहिनी आतून बंद करता येते. हे तंत्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिन कोप यांनी विकसित केले.

एमआर लिम्फँजिओग्राफीत ग्रंथीत गॅडोलिनियम हे एमआरआयमध्ये उठून दिसणारे द्रव्य टोचून एमआरआय करतात. क्ष-किरण लागत नाहीत, आणि लसिका कोणत्या दिशेने वाहते आहे, कोठे उलटी फिरते आहे, हेही दिसते. वाहिनी फुटलेली नसून प्रवाहच बिघडलेला असतो अशा रुग्णांत, विशेषतः जन्मजात हृदयरोगाच्या शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत, ही तपासणी इतर सर्वांपेक्षा जास्त सांगते.

लिपिओडॉलच्या तपासणीत धोका असतो का?

तेल अखेर शिरांत आणि तेथून फुप्फुसांत पोहोचते. प्रमाण मर्यादित ठेवले तर बहुतेकांना काही जाणवत नाही, पण फुप्फुसे आधीच अशक्त असतील तर त्रास होऊ शकतो. हृदयात उजवीकडून डावीकडे जाणारे छिद्र असल्यास तेल मेंदूपर्यंत जाण्याची भीती असते. आयोडीनची ॲलर्जी आणि थायरॉइडचे आजार आधी सांगावेत. नवजात बालकांत तपासणीनंतर थायरॉइडवर लक्ष ठेवतात.

शस्त्रक्रिया किंवा अपघात झालेला नाही, तरी गळती आहे. कारण कसे शोधतात?

प्रौढांत पहिला संशय लिम्फोमाचा असतो, म्हणून छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास ग्रंथीचा तुकडा तपासणे टाळू नये. क्षयरोग, सारकॉइडोसिस, मानेजवळच्या मोठ्या शिरेतील गुठळी, हृदयावरणाचा आकुंचनकारी आजार आणि सिरोसिस यांचाही शोध घेतात. तरुण स्त्रीमध्ये फुप्फुसांत पातळ भिंतीच्या असंख्य पोकळ्या दिसल्यास लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस हा दुर्मीळ आजार आठवावा. कारण सापडले नाही तरी तपासण्या काही महिन्यांनी पुन्हा कराव्यात. लिम्फोमा कधी कधी गळतीनंतर उशिरा दिसू लागतो.

आतड्यात होणारी गळती बाहेर दिसतच नाही. ती कशी ओळखतात?

येथे तपासण्यासाठी नळी नसते, पाणीही नसते. असते ती पायांवरची सूज, रक्तात कमी झालेले अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइट, आणि कधी जुलाब. मूत्रपिंडातून प्रथिने जात नाहीत आणि यकृत ठीक आहे, हे पाहिल्यावर विष्ठेतील अल्फा १ अँटिट्रिप्सिन मोजतात. हे प्रथिन पाचकरसांनी सहसा पचत नाही, त्यामुळे रक्तातून आतड्यात गळलेले प्रथिन विष्ठेत तसेच सापडते. रक्त आणि २४ तासांची विष्ठा यांवरून काढलेला त्याचा क्लिअरन्स, म्हणजे दिवसभरात जेवढ्या रक्तद्रवातील हे प्रथिन आतड्यात गेले ते प्रमाण, दिवसाला २७ मिलिलिटरपेक्षा जास्त असणे असाधारण मानतात. जुलाब असतील तर मर्यादा अधिक वरची धरतात. जठरातील आम्लात मात्र हे प्रथिन नष्ट होते, म्हणून गळती जठरात असेल तर ही तपासणी फसते. पुढे एन्डोस्कोपीत आतड्याच्या अस्तरावर पांढरे ठिपके दिसतात आणि तुकडा तपासल्यावर फुगलेल्या लसिकावाहिन्या आढळतात. ठिपके पाहण्यासाठी आदल्या दिवशी चरबीयुक्त आहार घेतलेला असेल तर ते अधिक ठळक होतात.

लघवी दुधासारखी होते. कोणती तपासणी करावी?

लघवीत फॉस्फेटचे क्षार असले तरी ती पांढरी होते, पण ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकताच स्वच्छ होते. लसिका असेल तर ती आम्लाने तशीच राहते आणि ईथर मिसळून हलवल्यावर निवळते. लघवीतील ट्रायग्लिसराइडने खात्री होते. नमुना चरबीयुक्त जेवणानंतरचा घ्यावा, कारण तक्रार दिवसागणिक कमीजास्त होते. हत्तीरोगाच्या जंतांचा प्रादुर्भाव असलेल्या भागांत तोच मुख्य संशयित असतो. त्यासाठी रक्तातील प्रतिजन तपासतात किंवा रात्रीचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुधाळ लघवीच्या रुग्णांत जंत मात्र अनेकदा सापडत नाहीत, कारण वाहिन्यांची हानी जुनी असते. कोणत्या बाजूच्या मूत्रपिंडातून लसिका येते, हे दुर्बिणीने मूत्राशयात पाहून ठरवतात.

नवजात बालकात निदानाचे निकष वेगळे असतात का?

काही अंशी वेगळे असतात. दूध अजून सुरू न केलेल्या बालकाच्या छातीतील लसिका पाण्यासारखी स्वच्छ असते आणि ट्रायग्लिसराइड कमी येते, म्हणून पेशींवर भर देतात : प्रति मायक्रोलिटर १,००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत ८० टक्क्यांहून अधिक लिम्फोसाइट. दूध सुरू झाल्यावर नमुना पुन्हा तपासतात. अशा बालकांत टर्नर, नूनन आणि डाउन सिंड्रोम या जन्मजात जनुकीय विकारांची शक्यता लक्षात घेऊन जनुकीय तपासणी सुचवली जाते.

रुग्ण आणि नातेवाईक यांनी कोणत्या नोंदी ठेवाव्यात?

दर २४ तासांत नळीतून किती द्रव आला, त्याचा रंग कोणत्या वेळी बदलला, त्याआधी रुग्णाने काय खाल्ले आणि वजन किती झाले, एवढ्या चार गोष्टी तारीख-वेळेसह लिहून ठेवाव्यात. कोणती औषधे कधी सुरू झाली हेही त्याच कागदावर असावे. नमुना प्रयोगशाळेत पाठवताना त्यावर शेवटच्या जेवणाची वेळ लिहिण्याची विनंती करण्यास संकोच करू नये; प्रयोगशाळेच्या अर्जात त्यासाठी जागा नसेल, तर ती समासात लिहावी.